‘सिगरेट ओढता का?’ एवढं विचारून भागणार नाही

आपल्या बहुतेक दवाखान्यांच्या केस पेपरवर व्यसनासाठी एकच ओळ असते: तंबाखू, हो किंवा नाही. महाराष्ट्रात ती बरीच वर्षं चालून गेली, कारण आपल्याकडे तंबाखू मुख्यतः खाल्ली जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले, ओढणारे फक्त ३.८ टक्के. मशेरी, गुटखा, खर्रा यांनी केलेलं नुकसान आपल्याला तोंड उघडताच कळतं. ओढणाऱ्याच्या तोंडाचं तसं नाही.

पस्तिशीतला रुग्ण घ्या. हिरडी फिकट, घट्ट, वरून निरोगी. ब्रश करताना रक्त येत नाही, म्हणून त्याची तक्रारही नाही. वरच्या दाढेच्या आतल्या बाजूला प्रोब घातला की तो सहा मिलीमीटर आत जातो, आणि तरीही रक्ताचा जेमतेम एखादा ठिपका. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आजाराची सगळ्यात सोपी खूण पुसली जाते. रक्त नाही म्हणून नुसतं स्केलिंग करून त्याला घरी पाठवलं, तर हाड झिजत राहतं.

अशा रुग्णाला ‘सिगरेट ओढता का?’ विचारलं, तर तो ‘नाही’ म्हणतो आणि खोटंही बोलत नसतो. तो व्हेप ओढतो. २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी आली, तरी ती खिशांतून पूर्ण गेलेली नाही. उलट बंदीमुळे रुग्ण आपल्यापाशीही गप्प राहतो. व्हेपच्या द्रावातल्या प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनने तोंड कोरडं पडतं. त्यातल्या गोड स्वादांचा थर दातांना चिकटून राहतो. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयातल्या नोंदींवरून २०२२ मध्ये निघालेल्या अभ्यासात व्हेप ओढणाऱ्यांपैकी ७९ टक्के रुग्ण दात किडण्याच्या मोठ्या धोक्याच्या गटात होते, न ओढणाऱ्यांपैकी ६० टक्के. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. पण पुढच्या दातांच्या कडा एकाएकी किडू लागलेला तरुण समोर आला, तर व्हेपबद्दल विचारायला एवढं पुरे.

गांजाबद्दल तर आपण विचारतच नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यांच्यातल्या नऊशेच्या वर व्यक्तींची बत्तिसाव्या वर्षापर्यंतची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. नियमित गांजा ओढणाऱ्यांच्या हिरड्यांचा आधार जास्त सुटलेला होता, तंबाखूचा परिणाम वेगळा काढल्यावरही. आपल्याकडे गांजात बहुधा तंबाखू मिसळतात, म्हणजे मार दुहेरी. शिवाय गांजाने हृदयाची गती वाढते. नुकताच ओढून आलेल्या रुग्णाला अॅड्रेनलिन असलेलं भुलीचं इंजेक्शन देणं धोक्याचं आहे, आणि नशेत दिलेल्या संमतीलाही अर्थ नाही. तातडीचं नसेल तर काम पुढे ढकलावं.

२०१८ च्या पेरिओडॉन्टायटिस वर्गीकरणात दिवसाला दहा किंवा जास्त सिगरेटी असतील तर रुग्ण थेट ‘सी’ श्रेणीत जातो. त्या तक्त्यात व्हेप आणि गांजाला घर नाही. म्हणून नोंद आपणच करायला हवी, आणि प्रश्न सरळ असावा: ‘मागच्या महिन्याभरात सिगरेट, विडी, हुक्का, व्हेप, गांजा यांतलं काय ओढलंत? हे फक्त उपचारासाठी विचारतोय.’ सोबत आई आली असेल तर तिला आधी बाहेर बसायला सांगा. ती असताना खरं उत्तर मिळणार नाही. दात काढल्यावर व्हेपही चालणार नाही, हे वेगळं सांगा. ड्राय सॉकेट टाळायचा असेल तर ओढणं थांबायला हवं, मग ते काहीही असो.

सोडायची तयारी असेल त्याला राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर केस पेपरवर लिहून द्या. निकोटीन गम थोडा चावून गालात धरायचा असतो, हे करून दाखवा. आणि एक गोष्ट आधीच बजावून ठेवा: सिगरेट सुटल्यावर काही आठवडे हिरड्यांतून पूर्वीपेक्षा जास्त रक्त येऊ शकतं. हे माहीत नसलेला रुग्ण सोडल्यामुळेच त्रास झाला असं समजून पुन्हा पाकीट विकत घेतो.