शंभर गोळ्यांचा डबा कुणाच्या रक्षणासाठी?

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने मोबाईल पुढे केला. अमेरिकेतला कुणी माणूस, हातात रायफल, रायफलीच्या पोटाखाली गोल डबा, आणि थांबायचं नाव न घेणाऱ्या गोळ्या. त्यावर भीमगीताचा ठेका चढवलेला आणि खाली लिहिलेलं, 'अशी एक गावात पाहिजे.' मुलगा उथळ नाही. तालुक्याला बीएस्सी करतो. त्याच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवर दगड पडले तेव्हा पोलीस दोन तासांनी आले होते. म्हणून आम्ही त्याला हसलो नाही, झिडकारलंही नाही. पण त्या व्हिडिओतल्या वस्तूबद्दल नीट बोललंच पाहिजे, असं ठरवलं.

ती वस्तू म्हणजे ड्रम मॅगझिन. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. रायफलीचं नेहमीचं मॅगझिन तीस गोळ्यांचं. ड्रममध्ये त्या गोलाकार रचलेल्या असतात, पन्नास, पंचाहत्तर, शंभरसुद्धा. शंभर गोळ्या भरलेल्या ड्रमचं वजन दोन किलोच्या आसपास जातं आणि तो अडकतोही. हे नवं नाही. 1920च्या दशकात शिकागोच्या टोळ्यांकडे असलेल्या थॉमसन बंदुकीलाही असाच ड्रम लागायचा. दाराशी आलेल्या हल्लेखोराला थोपवणाऱ्या माणसाला काही गोळ्या पुरतात. शंभर गोळ्या न थांबता लागतात त्या समोर गर्दी असेल तर.

4 ऑगस्ट 2019च्या रात्री ओहायो राज्यातल्या डेटन शहरात एकाने रायफलीला शंभर गोळ्यांचा दुहेरी ड्रम लावला आणि हॉटेलं-बार असलेल्या रस्त्यावर गोळीबार सुरू केला. पोलीस तिथेच गस्तीवर होते. त्यांनी अर्ध्या मिनिटात त्याला ठार केलं. यापेक्षा वेगवान पोलीस कुठे मिळणार? तरीही त्या बत्तीसेक सेकंदांत 41 गोळ्या सुटल्या होत्या आणि नऊ माणसं मेली होती. त्यातली सहा कृष्णवर्णीय होती.

आता उलट बाजू बघा. 2011 साली ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये एका लोकप्रतिनिधीच्या सभेत पिस्तुलाला 33 गोळ्यांचं लांब मॅगझिन लावून एकाने सहाजणांना मारलं. ते मॅगझिन रिकामं झालं आणि दुसरं लावायची वेळ आली, तेव्हा साध्या माणसांनी त्याच्यावर झडप घालून त्याला पाडलं. पुढच्या वर्षी ऑरोरा इथल्या चित्रपटगृहात बाराजण मेले, तिथला शंभर गोळ्यांचा ड्रम मध्येच अडकला होता. माणसं वाचतात ती याच थांब्यात. ड्रम मॅगझिन विकलं जातं ते हा थांबा संपवायला. निःशस्त्र माणसाच्या हाती असलेली शेवटची संधी काढून घेणाऱ्या वस्तूला शोषितांचं हत्यार म्हणायचं, हे आमच्या तरी गळी उतरत नाही.

'पण त्यांच्याकडे आहे, मग आपल्याकडे का नको?' हा त्या मुलाचा पुढचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात आहे.

1857च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्या माणसाला नागरिक मानायला नकार दिला. नागरिक मानलं तर त्यांना कुठेही शस्त्र बाळगायचा हक्क मिळेल, ही भीती त्यांनी निकालातच लिहून ठेवली. गुलामगिरी संपली आणि 1865मध्ये मिसिसिपीने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्यांना बंदूक ठेवायला बंदी केली. शंभर वर्षांनी ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पोलिसांवर नजर ठेवत उघड्यावर बंदुका घेऊन फिरू लागले. तेव्हा तो कायदेशीर हक्क होता. 1967मध्ये कॅलिफोर्नियाने मलफर्ड कायदा आणला, गव्हर्नर रेगन यांनी सही केली, आणि आज बंदुकीच्या हक्कासाठी छाती पिटणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनने त्या बंदीला पाठिंबा दिला. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच पँथरचं नाव घेऊन. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. हक्क सर्वांचा असं म्हणायचं, आणि दडपलेल्यांनी तो वापरला की कायदा बदलायचा. ओळखीचं वाटतं ना?

गोऱ्या वर्चस्ववाद्याच्या हातात मात्र हीच हत्यारं सहज पोहोचतात. 1994मध्ये केंद्रीय कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवर बंदी आली होती. 2004मध्ये मुदत संपली आणि ती पुन्हा आणली गेली नाही. काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले. न्यूयॉर्कमध्ये दहाची मर्यादा होती. तरी 14 मे 2022 रोजी बफेलो शहरात एक गोरा तरुण मोठी मॅगझिनं घेऊन काळ्यांच्या वस्तीतल्या किराणा दुकानात शिरला आणि त्याने दहा कृष्णवर्णीयांना मारलं. ती वस्ती त्याने वंशद्वेषातून निवडली होती. एका राज्यात बंदी असेल आणि शेजारी बाजार खुला असेल, तर मरतो कोण, ते इथे दिसलं.

आपल्याकडे बंदुका मोकळ्या झाल्या तर पहिली कुणाच्या घरी येईल? ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि ठाण्यात ओळख आहे त्याच्या. हा नुसता अंदाज नाही. 1 डिसेंबर 1997च्या रात्री बिहारमध्ये लक्ष्मणपूर बाथे इथे रणवीर सेनेने 58 दलितांना गोळ्या घातल्या. 2013मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने 26 आरोपींना निर्दोष सोडलं. त्या वस्तीत एक रायफल असती तर काय झालं असतं, हा प्रश्न आम्हालाही छळतो. पण बाजार खुला असता तर मारेकऱ्यांच्या हातात ड्रम असता, हे आम्हाला जास्त स्वच्छ दिसतं.

कुणी म्हणेल, हे बंदुकीला घाबरणारे लोक. आमच्या पूर्वजांनी कोरेगावला बंदूक चालवली आहे. सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिला होता. महार रेजिमेंटच्या चिन्हावर मशीनगन आहे. आणि 20 मार्च 1927ला महाडमध्ये आपल्या लोकांची डोकी फुटली, तेव्हा जमावात लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, हात शिवशिवत होते, तरी बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि लढाई कोर्टात नेली. ज्यांना शस्त्र चालवता येत होतं त्यांनी ते आवरलं, याला भित्रेपणा कसं म्हणणार?

स्वसंरक्षणाचा हक्क आम्ही सोडत नाही. तो ॲट्रॉसिटी कायद्याच्या 1995च्या नियमांत लिहिलेला आहे. नियम 3 वाचा. अत्याचारप्रवण भाग ठरवायचे, तिथल्या बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे शस्त्रपरवाने गरज पडल्यास रद्द करायचे, बेकायदा हत्यारं जप्त करायची, आणि आवश्यक तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्यायचे. इतकं सगळं तिथे आहे. नियम 17 प्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. रील पाठवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? खरं सांगायचं तर आमच्यातल्याही दोघांना ठाऊक नव्हतं.

त्या मुलाने व्हिडिओ अजून मोबाईलमधून काढलेला नाही, आम्हीही सांगितलं नाही. पण गेल्या रविवारी तो माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेऊन आला. त्याच्या गावात बंदुकीचे परवाने किती आहेत, मिरवणुकीवरच्या दगडफेकीचा गुन्हा नोंदल्यानंतर त्यातले किती रद्द झाले, आणि दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली, असे तीन प्रश्न त्यात आहेत. सोमवारी त्याने तो जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. पोच आमच्याकडे आहे. तीस दिवस मोजतो आहोत.