आरएक्सला पन्नाशीची वाट पाहायला लावू नका

लातूरहून बार्शीकडे निघालं की वाटेत मुरुड लागतं. या पट्ट्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला डोळे मिटायला लावून नुसता आवाज ऐकवला, तरी राजदूत कुठली, येझदी कुठली आणि आरएक्स-१०० कुठली हे तो बिनचूक सांगतो. राजदूतचा संथ ठोका, येझदीच्या जोड-सायलेन्सरचा घुमणारा नाद आणि आरएक्सचा भराभर चढत जाणारा स्वर. आज या गाड्या गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीआड, नाहीतर थेट भंगारवाल्याच्या काट्यावर दिसतात.

असा जमाना सरणं केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९६४च्या पाँटिॲक जीटीओपासून दांडग्या इंजिनाच्या ‘मसल कार’चा जमाना बहरला आणि धुराचे नियम, महागडा विमा व १९७३ची तेलटंचाई यांनी तो ओसरला. आपल्याकडे तिच्या जवळपास जाणारी मोटार म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा. १९८४ साली आली, २००२च्या सुमारास बंद झाली. लांबलचक बॉनेट, ऐसपैस बैठक आणि रुबाब. पण ती पुढाऱ्यांची आणि बड्या व्यापाऱ्यांची गाडी.

मराठवाड्यातल्या पोरांच्या वाट्याला आली ती आरएक्स. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साथीने १९८५मध्ये ती बाजारात आणली. इंजिन अवघं ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्तीची आणि वजन शंभर किलोच्या आसपास. या हलकेपणातच तिची सगळी जादू होती. मूठ पिळली की गाडी अंगाखालून निसटल्यासारखी पुढे झेपावायची. उसाचं बिल हातात पडलं की घरात पहिला हट्ट तिचाच. संध्याकाळी डबलसीट लातूर गाठायचं, गंजगोलाईला एक चक्कर मारायची, चहा घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत गाव गाठायचं. सोळा रस्ते येऊन मिळतात अशी ती गोल पेठ चक्कर मारण्यासाठीच बांधली असावी, असंच त्या वयात वाटायचं. कामधाम काही नसायचं. गाडी दाखवायची आणि दुसऱ्याची पाहायची, एवढंच.

या गाड्या टिकल्या त्या मिस्त्रींच्या हातगुणावर. येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्याला. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की तोच दांडा गिअरचा. राजदूत-येझदीला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे, आणि प्रमाण चुकलं की काय झालं हे मिस्त्री प्लग खोलून सांगायचा. काळा, ओलसर प्लग म्हणजे ऑइल जास्त. पांढरट म्हणजे इंजिन तापतंय. विटकरी म्हणजे बेत जमला. गाडी ओढेनाशी झाली की सायलेन्सरची जाळी काढून विस्तवात लालबुंद तापवायची, साचलेला कार्बन झटकायचा, की पुन्हा पिकअप जागेवर. हे कुठल्या पुस्तकात वाचून कुणी शिकलं नाही. उस्तादाच्या हाताखाली पाने देता देता पोरं तयार झाली. आज ते उस्ताद सत्तरीला टेकलेत आणि त्यांच्या दुकानात नवा पोऱ्या येत नाही. गाड्यांपेक्षा ही हानी मोठी आहे.

जमाना सरला त्याची कारणं खरी होती, हेही मान्य करायला हवं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. १९९६मध्ये उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स-१०० थांबली. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखानाही त्याच साली बंद पडला. तोवर हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक गाडीने लिटरमागे ऐंशी किलोमीटरचा हिशेब शेतकऱ्याला पटवून दिला होता. रोजच्या वापरात टू-स्ट्रोक परत यावी, असं कुणी म्हणू नये.

प्रश्न उरलेल्या गाड्यांचा आहे. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करावी लागते, आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला त्यासाठी दोन हजार रुपये शुल्क लागू झालं. दुसरीकडे, केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. शिवाय नव्या नोंदणीचे वीस हजार वेगळे. म्हणजे १९९० सालच्या आरएक्सला हा मान २०४०नंतर. तोपर्यंत ती सरकारदरबारी फक्त जुनी गाडी. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ तीस वर्षांची अट पुरेशी मानते. जर्मनीही तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला खास ‘एच’ पाटी देते.

आपणही तीस वर्षांचा टप्पा मानावा. शुल्क परवडेल असं ठेवावं, वर्षाला ठरावीक किलोमीटरचीच मुभा द्यावी आणि गाडी मूळ रूपात असण्याची सक्ती करावी. या शेवटच्या अटीने आणखी एक काम होईल. आज आरएक्सचा सांगाडा घेऊन तिला कर्णकर्कश सायलेन्सर लावणारे कमी नाहीत. रात्री-अपरात्री दवाखान्यासमोरून ती पळवणं म्हणजे जुन्या गाडीवरचं प्रेम नव्हे. मूळ सायलेन्सर असेल तरच सवलत, असा नियम झाला तर अस्सल गाडीची किंमत वाढेल आणि गोंगाटही आवरेल.

नियमाइतकाच मेळावाही हवा. अमेरिकेत डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची फेरी, वुडवर्ड ड्रीम क्रूझ, १९९५मध्ये सुरू झाली ती फर्नडेल गावातल्या मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी उभा करायला. आज ऑगस्टमधल्या त्या एका शनिवारी हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर उतरतात. एवढा थाट मुरुडला नको. लातूरच्या आरटीओने वर्षातून एक रविवार इथे शिबिर घ्यावं, कागदपत्रं आणि पीयूसी जागेवरच तपासावी. आयटीआयच्या मुलांना त्या दिवशी मोकळं सोडावं आणि जुन्या मिस्त्रींना रीतसर मानधन देऊन त्यांच्यासमोर एक राजदूत, एक येझदी, एक आरएक्स खोलायला लावावी. सगळं काम कॅमेऱ्यात टिपून संस्थेत ठेवावं. दिवाळीनंतर सोयाबीन विकून झालेलं असतं आणि रस्तेही कोरडे असतात, तेव्हा तोच महिना याला सोयीचा.