मागच्याकडे झुकलेले नशीब

आमच्या सालवडमध्ये तारापूरच्या कारखान्यातली पाळी संपवून बाप घरी येतो आणि आठ वर्षांच्या मुलीकडून टीव्हीवरच्या गाड्यांच्या शर्यतीत हरतो. जिंकत आलेली गाडी सांडलेल्या तेलावरून घसरते आणि घरभर हशा पिकतो! या पोरखेळात थोरांनीही रमावे, असे काय आहे?

निन्टेंडोच्या १९९२ सालच्या ‘सुपर मारिओ कार्ट’ने ही तऱ्हा रूढ केली. वरवर सारा गोंधळ. पण त्याला हिशेब आहे. वाटेत हाती काय लागेल हे नशिबावर, मात्र ते नशीब मागच्याकडे झुकवलेले. पुढच्याला बहुधा केळ्याची साल, शेवटच्याला बाकी साऱ्यांना चिमुकले करणारी वीज. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’मध्ये तर पहिल्यालाच हुडकून पाडणारे कासवाचे निळे कवच आले. बँकेत मी कर्जाचे अर्ज पाहिले. तिथे ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळते. म्हणून या उफराट्या न्यायाचे मला अप्रूप.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा ‘सगळेच खेळ सारखे’ असा सूर आमच्याकडे निघाला. तो मला पटत नाही. अनिश्चिततेची भुरळ दोन्हीकडे आहे. पण तिथे हरलेला पैसे भरून काढायला पुन्हा पैसे लावतो आणि पगार संपतो. कायद्यानेही निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे ठेवले आहेत.

मोबाइलवरच्या काही फुकट शर्यतींत मात्र नाणी आणि गाड्या विकत मिळतात. ती दुकाने पालकांनी आधी बंद करावीत. बापाचे बँक खाते त्याच मोबाइलला जोडलेले असते.