मूल दोघांचे, शिधापत्रिका एकाची
पनवेल तालुक्यातल्या गव्हाणमध्ये नांदलेली एखादी स्त्री घटस्फोटानंतर मुलाला घेऊन उरणला माहेरी राहते आणि मूल शनिवार-रविवारी वडिलांकडे येते, असे समजू. न्यायालयाच्या हुकूमनाम्यात ताबा, भेटीचे वार आणि पोटगी नमूद असते. मुलासाठीची सरकारी मदत कोणी मागायची, याबद्दल मात्र बहुधा ओळही नसते.

ही मदत किरकोळ नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या पात्र मुलाला पूर्वी महिना १,१०० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते २,२५० झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील स्पॉन्सरशिप, म्हणजे मूल घरीच वाढावे यासाठीचे अर्थसाहाय्य, महिना ४,००० रुपये आहे. त्यासाठी ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत हवे.

पण पहिली अडचण रेशनवर येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते आणि एक नाव दोन शिधापत्रिकांवर राहू शकत नाही. माहेरच्या कार्डात नाव चढवायचे तर आधी ते सासरच्या कार्डातून कमी करावे लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. हेतू चांगलाच होता. एकत्र कुटुंबात मात्र ही ज्येष्ठ स्त्री बहुधा सासू असते, आणि नाव कमी करण्याचा अर्ज साधारणपणे कार्डधारकाकडून अपेक्षित असतो. संसार मोडल्यावर त्या अर्जासाठी सासूच्या दारात कोण जाणार? मग मूल जेवते उरणला आणि त्याच्या वाट्याचे तांदूळ उचलले जातात गव्हाणला.

बालसंगोपनचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे, रायगडसाठी अलिबागला जातो. निर्णय बाल कल्याण समितीचा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड यांसोबत पालक आणि मूल घरासमोर उभे असलेला फोटोही मागतात. दोन घरांत वाढणाऱ्या मुलाने कोणत्या घरासमोर उभे राहायचे, हे अर्ज सांगत नाही.

आईच्या सहीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९९९ मध्येच सुटला आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या नावे रिलीफ बाँड घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही किंवा पालकत्वाचे प्रमाणपत्र मागितले होते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील, त्यांच्यानंतर आई असा क्रम आहे. वडील मुलाकडे पाहत नसतील, तर त्यांच्या हयातीतही आई पालक ठरू शकते, असा अर्थ न्यायालयाने लावला. उलट, मिशन वात्सल्यच्या निकषांत घटस्फोटित आईचा स्पष्ट उल्लेख आहे, एकट्याने मूल सांभाळणाऱ्या घटस्फोटित वडिलांचा तसा नाही. ही उणीवही दूर व्हायला हवी.

विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. असे आदेश वाढले, तर ‘एकल पालक’ ही अट कोणालाच नीट लागू होणार नाही. आमच्या मते मदत मुलाच्या मुख्य निवासामागे जावी. परस्परसंमतीच्या घटस्फोटात अटी पक्षकारच ठरवतात. मुलाचे नाव कोणत्या शिधापत्रिकेत राहील आणि योजनांचे अर्ज कोण करील, हे कलम वकिलांनी त्यातच घालावे. आणि त्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत दाखवली, की तहसीलच्या पुरवठा शाखेने दुसऱ्या घराची सही न मागता नाव हलवावे.