लहान होडीचा जमाखर्च

नारळी पौर्णिमेला दर्यास नारळ अर्पण झाला, पावसाळ्यापुरत्या शाकारून ठेवलेल्या होड्यांवरचे झाप निघाले आणि नवा रंग लेवून त्या पाण्यात उतरल्या, की शहरातील मत्स्यप्रेमी गृहस्थाला श्रावणाचे उरलेले दिवस मोठे वाटू लागतात. श्रावण सरल्यावर तो बाजारात जातो, पापलेटाचा भाव ऐकून चकित होतो, कोळिणीशी घासाघीस करतो आणि ‘मासे फार महागले’ असा निर्वाळा देऊन घरी परततो. मासे महागले हे खरेच आहे. परंतु या महागाईतील किती पैसा मासळी आणणाऱ्याच्या घरी पोहोचतो, हा प्रश्न त्याला क्वचितच पडतो. तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमचे स्पष्ट मत असे आहे की, कोकण किनाऱ्यावरील लहान होडीच्या मालकाला समुद्राच्या लहरीपणाशी झुंजण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. आज त्याला बुडविते आहे ती किनाऱ्यावरची अनास्था होय.

पालघर जिल्ह्यातील झाईपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंतचा महाराष्ट्राचा किनारा वर्षानुवर्षे ७२० किलोमीटरांचा म्हणून सांगितला गेला. या किनाऱ्यावर नौकामालकांचे दोन वर्ग नांदतात. पहिल्याच्या पदरी मोठा ट्रॉलर किंवा पर्ससीन नौका असते, पगारी तांडेल आणि बाहेरगावचे खलाशी असतात. दुसऱ्याची सारी मालमत्ता म्हणजे एक होडी आणि काही जाळी. मुंबई, रायगड आणि पालघरच्या किनाऱ्यावर तो डोल लावतो, कोठे गिलनेट टाकतो, मालवणकडे गावकऱ्यांसह रापण ओढतो. तो स्वतःच नाखवा असतो आणि स्वतःच तांडेल. खलाशी म्हणून भाऊ किंवा मुलगा बरोबर असतो आणि आलेली मासळी घरची स्त्री पाटीत घेऊन विकते. सरकारी नोंदीत दोघेही ‘नौकामालक’च. पण एकाच शब्दाखाली दोन इतक्या भिन्न स्थितीची माणसे बसविली, की दुबळ्याची अडचण सबळाच्या आकड्यांत झाकली जाते.

या दुबळ्या मालकाचा जमाखर्च मांडून पाहावा. शेतकऱ्याची जमीन वापरली म्हणून झिजत नाही; होडी मात्र खाऱ्या पाण्यात प्रत्येक दिवशी झिजते. लाकडी असेल तर समुद्री किडा फळ्या पोखरतो, सांध्यांतील कापूस निघतो; तळ खरवडून, तेलपाणी करून ती दरवर्षी नव्याने तयार करावी लागते. फायबरच्या होडीला कीड लागत नाही, पण खडकावर आपटून ती तडकली तर गावच्या सुताराला ती सांधता येत नाही. त्यावर इंजिनाची दुरुस्ती, फाटलेली जाळी, डिझेल आणि बर्फ. हा सारा खर्च होडी सुटण्यापूर्वी करावयाचा असतो आणि उत्पन्न मात्र जाळे वर येईपर्यंत अज्ञात! डिझेलवरील मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती सरकार सहकारी संस्थांमार्फत देते, हे खरे. परंतु आधी पूर्ण दराने डिझेल भरावयाचे आणि मग परताव्याची वाट पाहत राहावयाचे, ही व्यवस्था ज्याच्या गाठी पैसा आहे त्याच्या सोयीची आहे. ज्याच्यापाशी तो नाही, त्याला हंगामाच्या तोंडी व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. त्या उचलीची खरी किंमत व्याजात दिसत नाही, ती लिलावात दिसते. ज्याची उचल घेतली त्यालाच मासळी द्यावयाची, आणि तो म्हणेल त्या भावाने द्यावयाची, असा हा अलिखित करार असतो. बाजारात पापलेटाचा भाव चढला तरी बंदरावरचा भाव का चढत नाही, याचे उत्तर येथे आहे.

पैशाइतकाच वेळेचा प्रश्न बिकट आहे. शहराचे घड्याळ बारा तासांचे, तर कोळ्याचे घड्याळ भरती-ओहोटीचे. डोल हे पाण्याच्या ओढीवर चालणारे जाळे असल्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते भरते, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंदावले की जवळजवळ निकामी होते. म्हणजे महिन्याचे सगळे दिवस त्याच्या कमाईचे नसतातच. जे आहेत, त्यांतलेही कित्येक तास खाडीच्या तोंडाशी वाया जातात. कोकणातील कित्येक खाड्या गाळाने उथळ झाल्या आहेत. पापलेटासाठी नावाजलेल्या सातपाटीची खाडीही या दुखण्यातून सुटलेली नाही. ओहोटी लागली की नौका बाहेर ताटकळतात, आत शिरू पाहणाऱ्या गाळात रुततात. आणि भरतीची वाट पाहताना बर्फ विरघळतो, मासळी उतरते आणि लिलावाची वेळ टळते. वादळ पाठीशी लागलेले असताना हीच प्रतीक्षा जिवावर बेतू शकते.

मुंबईत १८७५ साली ससून डॉक उभा राहिला. ओहोटीतही नौकेला पाणी मिळाले पाहिजे, हे तत्त्व दीडशे वर्षांपूर्वी या शहरातील व्यापाऱ्यांना उमगले होते. आज त्याच पालघर जिल्ह्यात वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाच्या महाबंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या बंदराच्या गुणदोषांची चर्चा आम्ही येथे करीत नाही. स्थानिक मच्छीमारांचा त्यास असलेला विरोध सर्वश्रुत आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या राज्याला खोल समुद्रात जगातील प्रचंड जहाजांसाठी धक्का बांधण्याचे सामर्थ्य आहे, त्याला एका खाडीतील गाळ नियमाने उपसता येऊ नये, हे पटण्याजोगे नाही. गाळ एकदा काढून भागत नाही, तो पुन्हा साचतो. म्हणून उद्घाटनाचा नारळ फोडून मोकळे होता येईल असे हे काम नाही. कदाचित त्यामुळेच ते मागे पडत असावे!

आता कायद्याकडे वळू. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्याकडे आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि त्यानुसार किनाऱ्यालगतच्या ठरावीक वाव खोलीच्या आत यांत्रिक ट्रॉलरांनी जाळे ओढावयाचे नाही. पर्ससीन मासेमारीवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले आणि तिला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुदत दिली. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ साली राज्याने आपला कायदा सुधारून दंड वाढविला. २०२५ च्या जानेवारीत ड्रोनद्वारे टेहळणी सुरू झाली. कागदावर पाहता लहान होडीच्या रक्षणासाठी तटबंदी कमी नाही. परंतु रात्री मालवणच्या किनाऱ्यावरून क्षितिजाकडे पाहणाऱ्या मच्छीमाराला दिव्यांचा झगमगाट दिसतो, परप्रांतीय वेगवान ट्रॉलर त्याची जाळी तोडून जातात आणि तक्रार नोंदवून गस्तीची नौका पोहोचेपर्यंत समुद्र मोकळा झालेला असतो, ही तेथील मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. ड्रोन गुन्हेगार पाहू शकतो, त्याला पकडू शकत नाही. त्यासाठी नौका लागते, माणसे लागतात आणि कोणाचाही मुलाहिजा न ठेवण्याचा निर्धार लागतो.

मोठ्या नौकांच्या मालकांचीही बाजू आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. त्यांनीही कर्जे काढली आहेत, त्यांच्यावरही शेकडो खलाशांची कुटुंबे अवलंबून आहेत, आणि ‘देशाने आम्हाला खोल समुद्रात जा असे सांगितले म्हणून आम्ही यंत्रे घेतली’ हे त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. तसेच लहान ते सारे निर्दोष, असेही आम्ही मानीत नाही. डोलीच्या बारीक आसाच्या जाळ्यातही माशांची पिले सापडतात, आणि त्याला आवर घालावाच लागेल. परंतु दोन्ही पक्ष समान अपराधी आहेत असे म्हणून न्यायाधीशाला हात झटकता येणार नाहीत. मोठ्या नौकेला बारा मैलांपलीकडे जाण्याची ताकद आहे. लहान होडीला किनाऱ्यालगतच्या पट्ट्यावाचून दुसरा समुद्रच नाही. ज्याला दोन शेते आहेत त्याने एकच शेत असलेल्याच्या बांधात नांगर घालावा, हे कोणत्या न्यायात बसते? शिवाय, गिलनेटचा आस ठरावीक असला की लहान मासा त्यातून निसटून जातो आणि वाढलेला तेवढा अडकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ज्या पापलेटाला आपण राज्यमाशाचा मान दिला, त्याला पुढच्या पिढीसाठी राखण्याचा एक मार्ग अशा जाळ्यांतून जातो.

राहता राहिला प्राणांचा प्रश्न. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाने ऐन हंगामात कोकणच्या मच्छीमारांचे बळी घेतले. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ने रायगड-रत्नागिरीचा किनारा उद्ध्वस्त केला आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने पुन्हा तडाखा दिला. अरबी समुद्रातील वादळांची संख्या आणि तीव्रता गेल्या काही दशकांत वाढली आहे, असा पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. इशारे आता वेळेवर मिळतात, ही मोठी सुधारणा होय. नौकांवर उपग्रहाशी जोडलेली संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभही २०२४ मध्ये पालघर येथेच झाला. परंतु प्रत्येक इशाऱ्यासरशी परत फिरणाऱ्या होडीचे जळलेले डिझेल आणि बुडालेली रोजी कोण भरून देतो? केंद्राच्या योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूसाठी ५ लाखांचा विमा आहे. पण त्याच्या पश्चात कुटुंबाला पोसणाऱ्या जुन्या होडीला पुरेसे विमासंरक्षण सहसा लाभत नाही. आणि ज्याचा देह समुद्राने परत दिलाच नाही, त्याच्या पत्नीने काय करावे? सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्याला मृत मानावे, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. जमिनीवर बेपत्ता झालेल्या माणसासाठी हा नियम शहाणपणाचा असेल; वादळात होडीसह नाहीशा झालेल्या माणसाच्या घरी तो सात वर्षांच्या उपासाचे फर्मान ठरू शकतो. अशा प्रसंगी स्थानिक चौकशीवरून तातडीने दाखला व साहाय्य मिळण्याची पक्की व्यवस्था असलीच पाहिजे.

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र दर्जा ही जाळ्यात सापडणारी मासळी नव्हे. शेतीसारखे सवलतीचे कर्ज लहान होडीच्या मालकापर्यंत हंगामाआधी पोहोचले आणि तो व्यापाऱ्याच्या उचलीतून सुटला, तरच या निर्णयाला अर्थ येईल. सातबारा नसलेला हा माणूस बँकेत तारण म्हणून काय ठेवणार? त्याची नोंदणीकृत होडी आणि सहकारी संस्थेतील त्याची पत हेच त्याचे तारण मानले गेले पाहिजे.

तेव्हा आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक मच्छीमार खाडीचा गाळ उपसण्याचे वेळापत्रक आणि त्यासाठीची तरतूद सरकारने दरवर्षी जाहीर करावी. डिझेलचा परतावा आणि हंगामी कर्ज ३१ जुलैला मासेमारीबंदी संपण्यापूर्वी हाती पडावे. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात घुसणाऱ्या नौकांवर किती कारवाया झाल्या आणि त्यांतील किती दंड वसूल झाला, याचा जिल्हावार तपशील लोकांपुढे यावा. लहान होड्यांसाठी परवडणारा विमा निघावा. आणि शहरातील सुशिक्षित ग्राहकाला आमची विनंती एवढीच, की हाताच्या पंजात मावेल एवढे पापलेट स्वस्त मिळते म्हणून त्याने ते घेऊ नये. त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर ते पकडण्याचा मोहही कमी होईल.

बंदीचे ६१ दिवस होडी शाकारलेली असते, पण मंत्रालय उघडे असते. या चार गोष्टींची तयारी त्या दोन महिन्यांतच झाली पाहिजे. पुढल्या १ ऑगस्टला सरकारने घोषणांऐवजी त्यांचा हिशेब किनाऱ्यावर जाऊन द्यावा. तो तपासण्याइतके गणित कोळीवाड्यातील प्रत्येक घराला येते.