मनीचे पान

गेल्या महिन्याच्या टपालात धरमपेठेतील एका वाचकभगिनींचे पत्र आले. त्यांच्या घरी दोन वर्षांची मांजरी आहे. घर पूर्ण शाकाहारी, सासूबाईंचे सोवळे-ओवळे अद्याप चालू, आणि बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. मांजरीस आजवर दूधभात व अधूनमधून बाजारी दाणे मिळत. दिवाळीस आलेल्या भाच्याने मांजरांसाठी निघालेल्या ‘फ्रीज-ड्राइड चिकन’चा एक पुडा आणून दिला. आतील तुकडे सांडग्यांसारखे कोरडे व हलके. ओल नाही, वास जवळजवळ नाही, आणि मुख्य म्हणजे शिजवावयाचे नाही. सासूबाईंनीही तो पुडा बाल्कनीतील कपाटात ठेवण्यास संमती दिली. मांजरी त्यावर अशी लुब्ध झाली, की दूधभाताकडे आता ढुंकूनही पाहत नाही. “हे रोज दिल्यास काही अपाय नाही ना?” असे भगिनी विचारतात.

मांजरीने दूधभात सोडला याबद्दल प्रथम तिचे अभिनंदन केले पाहिजे. ‘आमच्या वाड्यातील मांजरे जन्मभर दूधभातावर जगली’ असे आपल्या घरोघरी सांगितले जाते, व ते सांगणारे खोटे बोलत नसतात. मात्र त्यांनी पाहिले ते अर्धेच. दूधभात आपण घालीत होतो. उंदीर, पाली, चिमण्या यांची सोय मांजर कोठीत, माळ्यावर आणि परसात आपली आपण करीत होते. चौथ्या मजल्यावरील जाळी लावलेल्या घरात हा दुसरा स्वयंपाक बंद पडला आहे. मांजर हा मांसावाचून न चालणारा प्राणी होय. टॉरीन नावाचे एक द्रव्य आपले शरीर स्वतः तयार करू शकते. मांजराचे शरीर ते पुरेसे करू शकत नाही, आणि ते मिळते प्राणिज पदार्थांतून, मुख्यतः मांस-मासळीतून. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यातील पडदा झिजतो, हे १९७५ साली दिसून आले, व हृदयाचा स्नायू सैल पडून ते निकामी होते, हे १९८७ साली. गाजरातील रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनविण्याची कलाही त्याला अवगत नाही. फार काय, गोड चव म्हणजे काय हेच मांजराला कळत नाही. २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ती चव ओळखणाऱ्या यंत्रणेचे एक जनुकच त्याच्या ठिकाणी मोडलेले आहे. तेव्हा आपली मनी श्रीखंडाची वाटी चाटते ती साखरेसाठी नव्हे, चक्क्यातील स्निग्धांशासाठी!

म्हणजे मांस हवे, हे ठरले. प्रश्न उरतो तो या विशिष्ट मांसाचा, आणि येथेच आमच्या मते त्या भगिनींची, त्याहूनही त्यांच्या सासूबाईंची, फसगत झाली आहे.

वैशाखातील उन्हात गच्चीवर कुरडया-सांडगे वाळत घालणाऱ्या नागपूरकरांस वाळवणाचे शास्त्र नव्याने सांगावयास नको. परंतु हे वाळवण उन्हाचे नव्हे, थंडीचे आहे. मांस प्रथम कडकडीत गोठवितात. नंतर भोवतालची हवा यंत्राने जवळजवळ सगळी काढून घेतात. अशा निर्वात जागी बर्फ वितळून पाणी होत नाही. कपाटातील डांबराच्या गोळ्या न वितळता जशा उडून जातात, तशी त्याची थेट वाफ होते. मागे उरतो तो मूळ आकाराचा, स्पंजासारखा सच्छिद्र तुकडा. ताज्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. या तुकड्यात ते शेकडा चार-पाचच्या आसपास राहते. या साऱ्या क्रियेत विस्तव कोठेच लागत नाही. दिसावयास कोरडा, हाताला स्वच्छ, तरी तो तुकडा कच्च्या मांसाचाच आहे.

या वाळवणाने रोगजंतू मरतात, हा समज तर अगदी उलटा आहे. बाळास टोचावयाची क्षयाची बी.सी.जी. लस अथवा गोवराची लस कोरड्या भुकटीच्या रूपाने येते, ती याच रीतीने वाळविलेली असते. आणि त्यांतील जंतू वा विषाणू जिवंत राहावेत, हाच त्यात हेतू असतो. जी क्रिया जंतूंना जपण्यासाठी योजितात, तिने कोंबडीच्या मांसातील साल्मोनेला मात्र मरावा, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. काही उत्पादक वाळविण्यापूर्वी मांसावर प्रचंड दाब देऊन जंतूंची संख्या घटवितात. पण तसे केले आहे किंवा नाही, हे पुड्यावर शोधावे लागते.

ही भीती दूरची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांच्या नमुन्यांत ‘एच५एन१’ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे सांगितले, आणि तो कोंबडीच्या मांसावाटे आला असावा, असा तर्क त्या वेळी पुढे आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०२५ मध्ये, येथून सव्वाशे किलोमीटरांवरील छिंदवाड्यास घरगुती मांजरांत तोच विषाणू सापडला. अमेरिकेत ऑरेगन प्रांती डिसेंबर २०२४ मध्ये टर्कीचे गोठविलेले कच्चे अन्न खाऊन एक पाळीव मांजर दगावले. अन्नातील व मांजरातील विषाणू एकच ठरला. ही उदाहरणे त्या भगिनींच्या पुड्याची नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु मार्जारकुळास, मग तो वाघ असो वा मनी, हा विषाणू किती लवकर नेतो, हे आपल्या दाराशीच दिसून आले असता ‘आमच्या पुड्यात तो नसेल’ एवढ्या भरवशावर रोजचे पान वाढणे आम्हास शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय तुकडा मोडणारा हात मनीचा नसतो. तोच हात पुढे नातवंडाच्या वाटीकडे जातो.

पाण्याची गोष्ट निराळीच. मांजराचे पूर्वज आफ्रिकेकडील रुक्ष प्रदेशांतील रानमांजर; त्याला तहान फारशी लागतच नाही, कारण उंदराच्या शरीरातील पाण्यावर त्याची गुजराण होत असे. अशा प्राण्यास नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर असता, अगदी कोरडे अन्न घालावयाचे आणि ‘वाटीत पाणी ठेविले आहे’ म्हणून निश्चिंत व्हावयाचे, हे बरे नव्हे. बोक्यांच्या बाबतीत तर लघवी तुंबल्यास एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. वारंवार मातीच्या तबकात बसतो पण काही होत नाही, असे दिसताच रात्र न घालविता वैद्य गाठावा. म्हणून हे तुकडे भिजवूनच द्यावेत, असे पुड्यावरही लिहिलेले आढळते. पण भिजविले की ते पुन्हा ओले कच्चे मांस झाले. मे महिन्याच्या बाल्कनीत ते किती वेळ टिकेल, हे कोणतीही गृहिणी सांगेल!

मग वाढावे काय? नुसती उकडलेली कोंबडी रोजची म्हणून पुरत नाही. तीत चुन्याचा अंश अल्प, आणि टॉरीन बरेचसे उकळीच्या पाण्यात उतरते. त्यापेक्षा बंद डब्यांतून वा पाकिटांतून मिळणारे, उष्णतेने निर्जंतुक केलेले ओले अन्न घ्यावे, व त्यावर ते मांजराचा ‘संपूर्ण व समतोल’ आहार असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे ना, हे पाहावे. ‘पूरक’ किंवा ‘खाऊ’ असे लिहिले असल्यास ते जेवण नव्हे. पालट एकदम करू नये. आठ-दहा दिवस थोडे जुने, थोडे नवे असे द्यावे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यास त्याचे यकृत बिघडते, तेव्हा ‘भूक लागली की खाईल’ हा आपला मुलांवरचा उपाय येथे चालावयाचा नाही. शंका वाटल्यास सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालय धरमपेठेपासून हाकेच्या अंतरावर आहे.

मांसाचा डबा घरात उघडणे सासूबाईंना रुचणार नाही, हे आम्हास दिसते. परंतु मांस तर त्या घरात दिवाळीपासूनच आलेले आहे. केवळ त्याला वास नसल्यामुळे ते ध्यानी आले नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ते त्यांना आधी मोकळेपणाने सांगावे. मनीची वाटी, चमचा व घासणी निराळी असावी, जागा बाल्कनीतीलच असावी. हाताळणे झाल्यावर साबणाने हात धुवावेत. याबाबतीत सोवळे आणि वैद्यक यांचे मत एकच पडेल.

राहिला तो उरलेला पुडा. तुकडे पाण्यात घालून, बाल्कनीतच निराळ्या शेगडीवर चांगली उकळी आणून, निवल्यावर खाऊ म्हणून त्या पाण्यासकट चार-दोन द्यावेत. कांदा-लसूण घालू नये, तो मांजरास विषच. उकळी येताच वास सुटेल, आणि तो मांसाचाच असेल. सासूबाईंना त्यापूर्वी कल्पना देऊन ठेवावी.