मैलांची दस्तुरी

धन्याच्या पैशाने किराणा भरणाऱ्या कारभाऱ्याच्या हातावर दुकानदार गुपचूप दस्तुरी ठेवी, आणि ती अखेर धन्याच्याच बिलात चढे. विमानकंपन्या आज हीच दस्तुरी ‘मैल’ या निरुपद्रवी नावाने वाटीत आहेत. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने अशी योजना सुरू केली आणि ती जगभर पसरली. तिचे मर्म सोपे आहे. तिकीट निवडणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा असला, की निवडणाऱ्यास खूश ठेवणे कंपनीला स्वस्त पडते. सरकारी कामासाठी उडणाऱ्या अधिकाऱ्याचे भाडे जनतेच्या तिजोरीतून जाते. मैल मात्र त्याच्या नावावर साठतात आणि सुटीतील फुकट सहलीत त्यांचे रूपांतर होते.

यात कोणाचे काय बिघडले, असे निरागसपणे विचारले जाते. मैल वापरले नाहीत तर वाया जातात, मग वापरण्यात दोष कसला? परंतु विमानकंपनी ही धर्मशाळा नव्हे. फुकट तिकिटाचा खर्च ती इतर भाड्यांतूनच वसूल करते. शिवाय ज्या कंपनीचे मैल साठवायचे तिचेच तिकीट, महाग असले तरी, घेण्याचा मोह होतो आणि त्याचा भुर्दंड तिजोरीवर पडतो. मैल वाया जाऊ नयेत हीच चिंता असेल, तर पुढच्या सरकारी दौऱ्यासाठी ते वापरावेत. केंद्र सरकारच्या खर्च विभागाने नेमके हेच बजावले आहे. खाजगी प्रवासासाठी मैल वापरल्यास कारवाईची तरतूदही आहे. उणीव नियमाची नाही, तो पाळून घेण्याच्या इच्छेची आहे.

अमेरिकेने मात्र उलटी वाट धरली. संघराज्याच्या कर्मचाऱ्यांनी मैल स्वतःसाठी ठेवावेत, अशी मुभा तेथे २००१ च्या अखेरीस कायद्याने दिली. जे रोखता येत नाही ते कायदेशीर करून टाकावे, हा भांडवलशाहीचा जुनाच तोडगा आहे.

जर्मनीतील प्रकरण डाव्यांना अधिक झोंबणारे आहे. लोकशाही समाजवादाच्या पक्षाचे लोकप्रिय नेते ग्रेगोर गीझी २००२ च्या आरंभी बर्लिन राज्याच्या अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री झाले. संसदसदस्य असताना सरकारी प्रवासांतून मिळालेले मैल त्यांनी खाजगी प्रवासासाठी वापरल्याचे उघड झाले आणि त्याच वर्षी ३१ जुलैला त्यांनी राजीनामा दिला. हा गौप्यस्फोट करणारे ‘बिल्ड’ हे स्प्रिंगर या उजव्या वृत्तसमूहाचे पत्र होते आणि निवडणूक तोंडावर होती, हे खरेच. पण शत्रूने बोट दाखविले म्हणून डाग खोटा ठरत नाही. उजव्यांनी सवलती लाटल्या तर लोक त्यास रीत समजतात. समाजवाद्याने लाटल्या तर समाजवादच खोटा समजतात. हा न्याय विषम असेल, पण समतेचा ध्वज खांद्यावर घेणाऱ्याने तो स्वीकारलाच पाहिजे.

एस.टी.च्या कंडक्टरच्या पिशवीत हिशेबापेक्षा थोडी रक्कम कमीजास्त निघाली तरी त्याची चौकशी होते. त्याच राज्यव्यवस्थेत विमानाने फिरणाऱ्याच्या खात्यातील मैल कोणी मोजीतही नाही. प्रामाणिकपणाची सक्ती खालच्यांवर आणि विश्वासाची सवलत वरच्यांना, ही वर्गव्यवस्थाच नव्हे काय?

खाजगी नोकरीत दिवसचे दिवस घराबाहेर राबणाऱ्यास मालकाने मैल उघडपणे दिले, तर तो त्याच्या वेतनाचा भाग ठरेल. मग तो करारात लिहावा आणि कारखान्यात झिजणाऱ्यालाही तोलाचा मोबदला द्यावा. जनतेच्या पैशाबाबत मात्र अशी तडजोड संभवत नाही. मैल खात्याच्या नावे जमा व्हावेत आणि त्यांचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. आमदार-खासदारांनीही तो द्यावा, आणि डाव्या पक्षांच्या प्रतिनिधींनी कायद्याची वाट न पाहता सर्वांआधी द्यावा. जो स्वतःचे मैल मोजून दाखवीत नाही, त्याला दुसऱ्याच्या कोटींचा हिशेब मागण्याचा अधिकार उरत नाही.